स्क्रूला हात लावण्यापूर्वी

बिघडलेल्या चेनसॉबद्दल गॅरेजमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." मशीन चालू होत नसेल तरी हेच, चालू होऊन लगेच बंद पडत असेल तरी हेच, आणि लाकडात घातल्यावर दम सोडत असेल तरीही हेच. हे वाक्य बऱ्याचदा खरं निघतं, आणि गडबड तिथेच होते. सहसा बरोबर येणारं निदान पुन्हा तपासायची सवय कुणाला उरत नाही. मेस्त्री स्क्रू ड्रायव्हर उचलतो, एल आणि एच या अक्षरांशेजारचे दोन स्क्रू इकडेतिकडे फिरवतो, मशीन तेवढ्यापुरतं ताळ्यावर येतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. काही दिवसांनी तेच मशीन पिस्टन सीझ होऊन टेबलावर परत येतं आणि खापर कंपनीवर फुटतं.

हे स्क्रू दुरुस्तीचं हत्यार नव्हेत, एवढंच या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आहे. धडधाकट मशीनला त्या ठिकाणच्या हवेशी आणि टाकीतल्या इंधनाशी जुळवून घेता यावं, म्हणून ते दिलेले असतात. आजारी मशीनवर ते फिरवले की आजार झाकला जातो, आणि झाकलेला आजार चेनसॉमध्ये फार महाग पडतो.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर कोकणातले बागायतदार होते, घाटावर लाकूडकटाईची कामं घेणारे होते, पावसाळ्याआधी फांद्या छाटणारे पालिकेचे कामगार होते आणि अर्थात त्या सगळ्यांची मशीनं दुरुस्त करणारे गॅरेजवाले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नारळी-पोफळी, आंबे, रस्त्याकडेची जुनी झाडं एका दिवसात आडवी झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांपासून गावातल्या पोरांपर्यंत सगळे चेनसॉ घेऊन रस्ते मोकळे करत होते. अशा वेळी मशीन एका दोरीत चालू झालं पाहिजे. पण जे मशीन गेल्या हंगामानंतर टाकीत अर्धं पेट्रोल ठेवूनच कोपऱ्यात टेकवलेलं असतं, ते नेमकं अशाच वेळी दगा देतं. दोष वादळाच्या दिवशीचा नसतो, आदल्या वर्षीचा असतो.

आता मूळ विषयाकडे. चेनसॉचा कार्बोरेटर आणि स्कूटर-मोटारसायकलचा कार्बोरेटर यांच्यात नावापलीकडे साम्य कमी. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते आणि तीत फ्लोट तरंगतो. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं त्याचं काम चालतं: पातळी चढली की सुई बंद, उतरली की उघडी. वाटी सरळ आहे तोवर हे उत्तम. सुरुवातीच्या पेट्रोलवरच्या चेनसॉंना असेच फ्लोटचे कार्बोरेटर होते. त्यामुळे इंजिन सरळच ठेवावं लागे, आणि झाड आडवं कापायचं तर इंजिन तसंच ठेवून फक्त बार फिरवायची सोय करावी लागे. १९५०च्या आगेमागे डायाफ्रामवर चालणारा कार्बोरेटर चेनसॉवर बसू लागला आणि चित्र बदललं. १९५९ साली जर्मनीच्या स्टिल कंपनीचं 'काँट्रा' हे मॉडेल आलं. गिअरबॉक्स नसलेलं, डायाफ्राम कार्बोरेटरचं, एकट्या माणसाने कुठल्याही अंगाने धरून चालवायचं हे मशीन. आजची चेनसॉ म्हणजे याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती. कार्बोरेटरच्या अंगावर आजही वॉलब्रो, झामा किंवा टिलॉटसन यांपैकी एखादं नाव सापडतं. स्वस्तातल्या ५८ सीसी मशीनांवरच्या बिननावाच्या कार्बोरेटरची रचनाही त्यांच्यावरच बेतलेली असते.

या कार्बोरेटरमध्ये दोन पातळ पडदे असतात. पहिला पंपाचा. इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर क्रँककेसमध्ये दाब आणि ओढ आलटून पालटून तयार होते. ती एका बारीक भोकातून किंवा रबरी नळीतून या पडद्यापर्यंत येते, पडदा हलतो आणि टाकीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. दुसरा पडदा मोजून देण्याचा. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला झाकणातल्या छोट्या भोकातून येणारी बाहेरची हवा. इंजिनने पेट्रोल ओढलं की हा पडदा आत दबतो, एका इवल्याशा लिव्हरला ढकलतो आणि सुई उघडते. साठा जवळपास नाहीच. आलेलं पेट्रोल लगेच खर्ची. पूर्ण रेसवर मशीन मिनिटाला तेरा हजार फेरे मारत असेल, तर सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हा हिशेब चुकता करावा लागतो. पडदा थोडा कडक झाला, लिव्हर थोडी खाली बसली, गाळणीवर शेवाळासारखा थर आला, तरी उधारीला जागा नसल्यामुळे मशीनला लगेच पेट्रोल कमी पडू लागतं. झाकणातलं ते हवेचं भोक भुशाने बुजलं तरी गणित बिघडतं, आणि ते भोक तपासणारा मेस्त्री विरळा.

ज्यांचे हात दुचाकीवर तयार झाले त्यांच्यासाठी एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. यामाहा आरएक्स १००सारख्या गाडीच्या कार्बोरेटरवर बाजूला असतो तो हवेचा स्क्रू. तो आत आवळला की हवा कमी होते आणि मिश्रण दाट होतं. चेनसॉवरचे एल आणि एच हे पेट्रोलचे स्क्रू आहेत. ते आत आवळले की पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण पातळ होतं. म्हणजे एकच हालचाल, परिणाम बरोबर उलटा. जुन्या सवयीने 'जरा दाट करू' म्हणून स्क्रू आवळणारा माणूस चांगल्या हेतूने मशीन मारतो.

पातळ मिश्रणाचं भय इतकं का, हेही सांगायला हवं. टू स्ट्रोक इंजिनात वंगणाचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि त्याच वेळी सिलिंडर जास्त तापतो. वंगण घटतं तेव्हाच उष्णता वाढते. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे उठतात, रिंग अडकते, कॉम्प्रेशन जातं. यातली खरी फसगत अशी, की मरायला टेकलेलं मशीन ऐकायला सर्वात गोड लागतं. टाकीतलं पेट्रोल संपत आलं की मशीन क्षणभर एकदम वेगाने पळतं आणि मग बंद पडतं, हे चेनसॉ वापरणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. तो चढा, कोरडा सूर म्हणजेच पातळ मिश्रणाचा आवाज. एच स्क्रू जास्त आवळलेलं मशीन दिवसभर त्याच सुरात काम करत असतं आणि मालक खूश असतो की मेस्त्रीने काय पिकअप काढून दिलाय.

नीट जुळवलेलं मशीन रिकाम्या हवेत पूर्ण रेस दिल्यावर थोडं अडखळतं. आवाज फाटल्यासारखा, भरभरल्यासारखा येतो, कारण मिश्रण जरासं दाट असल्याने काही फेऱ्यांना ठिणगी वाया जाते. इंग्रजी पुस्तिकांत याला फोर स्ट्रोकिंग म्हणतात. चेन लाकडात उतरली, भार आला की हाच आवाज साफ होतो. लाकडात साफ आणि बाहेर काढल्यावर पुन्हा किंचित फाटका, ही एच स्क्रू योग्य असल्याची खूण. आपल्याकडे मात्र हा फाटका आवाज 'मिसिंग' समजला जातो आणि तो जाईपर्यंत स्क्रू आवळला जातो. माझ्या मते चांगली मशीनं अकाली मरण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे. कचऱ्याचा नंबर त्यानंतर. कमी धुराच्या नव्या इंजिनांत हा आवाज इतका स्पष्ट येत नाही, तिथे कानावर विसंबू नये. टॅकोमीटर लावावा आणि पुस्तिकेतला कमाल वेग ओलांडू नये. टॅकोमीटरची किंमत एका पिस्टन-सिलिंडरच्या जोडीपेक्षा कमी असते, एवढं गॅरेजवाल्यांनी लक्षात घेतलं तरी पुरे.

मग सुरुवात कुठून करायची? टाकीतल्या पेट्रोलपासून. ते किती जुनं आहे, कुणी कालवलं, कशात कालवलं, ऑइल कुठलं घातलं. सध्याच्या बहुतेक मशीनांना चांगल्या टू स्ट्रोक ऑइलचं पन्नासास एक हे प्रमाण चालतं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. ऑइल जास्त घातलं म्हणजे मशीन जास्त सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी आहे. ऑइलने जागा घेतली तितकं पेट्रोल घटतं, आणि त्याच स्क्रूवर मिश्रण उलट पातळ होतं. किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक प्रकार घडू शकतो: होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल घरात असतं, तेच चेनसॉला घातलं जातं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं असतं, आणि चेनसॉ हवेवर थंड होते, शिवाय कितीतरी जास्त तापते. टू स्ट्रोक असं दोन्ही डब्यांवर लिहिलेलं असलं तरी ही ऑइलं एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

पेट्रोलनंतर एअर फिल्टर, मग प्लग, मग सायलेन्सरच्या तोंडाची जाळी. ही जाळी काजळीने बुजली की मशीन अगदी कार्बोरेटर बिघडल्यासारखं वागतं, आणि ती साफ करायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर टाकीतला फिल्टर, नळी आणि टाकीचा श्वास. मशीन काही मिनिटं छान चालून मग पेट्रोल न मिळाल्यासारखं बसत असेल, तर इंजिन थंड झाल्यावर टाकीचं झाकण सैल करून पाहावं. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर टाकीचा व्हेंट बंद आहे आणि कार्बोरेटर निर्दोष आहे. नळीला वाकवून पाहिल्याशिवाय तिची चीर दिसत नाही. सरळ असताना ती शहाण्यासारखी मिटलेली असते.

याहून अवघड चोर म्हणजे बाहेरून शिरणारी फुकटची हवा. सिलिंडर आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी बूट फाटला, क्रँकचं सील झिजलं, की हवा मोजल्याशिवाय आत येते. रेस सोडल्यावर आवाज पटकन खाली न येता वर लटकून राहतो, स्लो कधी चढतो, कधी पडतो, मशीन कलतं केलं की बदलतो. अशा मशीनवर एल स्क्रू सोडून स्लो जमवणं शक्य असतं, म्हणून तर हा दोष वर्षानुवर्षं लपतो. दाबाची आणि ओढीची चाचणी कशी करायची, त्यासाठी हातपंप कसा वापरायचा आणि तोंडं कशाने बुजवायची, यावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलं आहे. घाईच्या वाचकाने बाकी काही गाळलं तरी ते गाळू नये.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर उघडायचा. उघडणं आणि धुणं यावर इथे फार लिहीत नाही, चित्रं पुढे आहेत. दोनच गोष्टी. कॉम्प्रेसरची हवा आतल्या बारीक झडपांवर आणि बसवलेल्या पडद्यांवर मारू नये, आणि भोकांत तार खुपसू नये. दोन्हींमुळे झालेली इजा डोळ्यांना दिसत नाही. दुसरं, पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम. मोजणीच्या बाजूला बहुधा आधी गॅस्केट, त्यावर पडदा. पंपाच्या बाजूला आधी पडदा, त्यावर गॅस्केट. नवं किट घालूनही मशीन पहिल्यासारखंच वागत असेल तर आधी हा क्रम तपासावा.

आता इंधनाचा प्रश्न, कारण गेल्या काही वर्षांत तो बदलला आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते, कारण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. इंजेक्शनच्या मोटारीत संगणक हा फरक भरून काढतो. चेनसॉच्या साध्या कार्बोरेटरला संगणक नाही. त्याच्यासाठी नवं पेट्रोल म्हणजे कुणी न विचारता एच आणि एल थोडेसे आवळून ठेवल्यासारखं. हातातल्या टू स्ट्रोक यंत्रांच्या अनेक पुस्तिका १० टक्क्यांपलीकडे इथेनॉल नको म्हणतात. वर इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत अर्धवट भरलेला कॅन महिनाभर ठेवा. पाणी पुरेसं शिरलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. ऑइल वर पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीतला फिल्टर पितो तळाचं. म्हणून लागेल तेवढंच कालवावं, कॅन गच्च बंद ठेवावा, आणि मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालवावं. जुन्या नळ्या आणि पडदे इथेनॉलने लवकर कडक होतात किंवा फुगतात. ते आता नियमाने बदलायच्या वस्तूंत धरावेत.

हवेचंही असंच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण बारा टक्क्यांनी विरळ, त्यामुळे खालून नेलेलं मशीन वर दाट चालतं, धूर करतं, दम देत नाही. तिथे स्क्रू आवळून ते सुरळीत केलं, यात चूक काही नाही. पण तेच मशीन आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आणलं आणि तसंच कामाला लावलं, तर जड हवेत ते पातळ चालणार. उन्हाळ्याच्या दुपारी जुळवलेल्या मशीनची डिसेंबरच्या पहाटे तीच गत. दाट चुकलं तर प्लग काळा होतो, पातळ चुकलं तर पिस्टन जातो. शंका आली की स्क्रू सोडण्याच्या बाजूला चुकावं.

जुळवण्याचा क्रम पुस्तकात सविस्तर आहे: फिल्टर साफ, बार आणि चेन लावलेली, इंजिन तापलेलं, आधी एल, मग स्लोचा स्क्रू, मग एच, आणि शेवटी पुन्हा स्लो. बार-चेन काढून रिकाम्या इंजिनावर जुळवणी करू नये. आणि स्लोवर चेन जागची हलता कामा नये. हलत असेल आणि स्लो कमी करूनही थांबत नसेल, तर क्लच पाहावा. ते मशीन कुणाच्या हातात देऊ नये. ज्यांच्या मशीनवर एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यूनसारखी स्वयंचलित व्यवस्था आहे त्यांना फिरवायला एल-एच स्क्रूच नाहीत, पण निदानाचा पहिला निम्मा भाग त्यांनाही तितकाच लागू आहे. फिल्टर बुजला आहे हे संगणकाला कळलं तरी तो फिल्टर झटकून देत नाही.

झाड कुठलं तोडावं, त्याला परवानगी कुठे मिळते, हे या पुस्तकात नाही. राज्याचा वृक्षतोडीचा कायदा १९६४ पासून आहे आणि तलाठी किंवा वनखात्याचं कार्यालय त्याची माहिती देतं. झाड पाडण्याचं तंत्रही इथे नाही, कारण ते पुस्तकातून शिकायची गोष्ट नव्हे.

वाचकांना एकच विनंती. एल-एचच्या मूळ खुणा, स्लोचा वेग, कमाल वेग हे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, आणि इथे दिलेले आकडे समजावून सांगण्यापुरते आहेत. आपल्या मशीनच्या पुस्तिकेतून ते काढून या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. त्याखाली, स्क्रू फिरवण्यापूर्वी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे आत गेला तेही मोजून लिहा. बसताना जोर लावू नका, सुईचं टोक त्याने कायमचं चेपतं.